पुस्तिकेतल्या खुणा : पंप पॅनेलच्या मॅन्युअलची कामवही

३ नोव्हेंबर, उद्यमबाग

एक तारीख बंदात गेली. बेळगावात त्या दिवशी निम्मं शहर कर्नाटक राज्योत्सवाच्या मिरवणुकीत असतं आणि निम्मं मराठी भाषकांच्या काळ्या दिवसाच्या फेरीत. काम करायचं नाही, एवढ्या एका मुद्द्यावर दोघांचं एकमत. म्हणून वहीची सुरुवात आज.

काम असं. साडेसात एचपीच्या पंपाचं स्टार-डेल्टा पॅनेल (मोटर आधी 'स्टार' जोडणीत हळू सुरू करून मग 'डेल्टा'त पूर्ण जोराने चालवणारं) आणि त्यात मालकांच्या मुलाने बनवलेलं कंट्रोलर बोर्ड. विहीर आटली, एक फेज गेली किंवा मोटर जास्त ओढायला लागली तर ते पंप बंद करतं, आणि लाईट आल्यावर ठरवलेल्या वेळाने आपोआप चालू करतं. माल जातो चिक्कोडी, निपाणी, हुक्केरी, खानापूरकडे. मॅन्युअल आजवर फक्त इंग्रजीत होतं. आता मराठी आणि कन्नड पाहिजे. कन्नडला चिक्कोडीचे एक निवृत्त मास्तर आहेत, मराठीला मी.

मालक म्हणाले, "मॅडम, इंग्रजी तयारच आहे, त्याचं मराठी करून टाका की. आठ दिवसांत होतंय." मी मान डोलावली. पुढची पानं वाचताना मला त्या मान डोलावण्याची लाज वाटणार आहे, हे आत्ताच लिहून ठेवते.

रात्री इंग्रजी प्रत उघडली. दुसऱ्याच पानावर खुणांचा तक्ता : बटणांची नावं ठळक, डिस्प्लेवरचा मजकूर टाइपरायटरसारख्या सारख्या रुंदीच्या अक्षरात, वापरणाऱ्याने स्वतः भरायची किंमत तिरकी, इशारे कॅपिटलमध्ये, उलट्या सिग्नलच्या डोक्यावर रेघ. एकूण पाच खुणा. यातल्या किती देवनागरीत उतरतील ते मोजलं. ठळक उतरेल. बाकीच्यांचं कठीण दिसतंय.

४ नोव्हेंबर

या खुणा असतात तरी कशाला, हे आधी स्वतःला नीट सांगून घेतलं. युनिक्सच्या १९७१ च्या पहिल्या मॅन्युअलात सुरुवातीलाच सांगितलेलं होतं की अधोरेखित शब्द जसेच्या तसे टाइप करायचे, आणि चौकोनी कंसातली गोष्ट दिली नाही तरी चालते. पुढे छपाई सुधारली तशी अधोरेखिताची जागा ठळक अक्षराने घेतली. म्हणजे मुळात प्रश्न सजावटीचा नव्हताच. पानावर दोन आवाज असतात : एक यंत्राचा, एक लिहिणाऱ्याचा. कुठला कोणाचा, हे डोळ्याला न विचारता कळलं पाहिजे.

आमच्या यंत्राचा आवाज इंग्रजी आहे आणि तसाच राहणार. डिस्प्ले सोळा अक्षरांच्या दोन ओळींचा, हिताचीच्या एचडी४४७८० घराण्यातला. त्याच्या पोटात देवनागरी नाही. आपली म्हणून फक्त आठ अक्षरं काढता येतात, तीही आडवे पाच आणि उभे आठ एवढ्या टिपक्यांत. मालकांच्या मुलाने हौसेने त्यात 'पंप' बसवून दाखवला. एक ओळ शिरोरेघेने खाल्ली, एक अनुस्वाराने. उरलेल्यात 'प' होता खरा, पण त्याला 'ष' म्हटलं असतं तरी कुणी भांडलं नसतं. विषय तिथेच मिटला.

७ नोव्हेंबर

कच्च्या मसुद्याची पहिली परीक्षा. मी बुद्ध्याच काही न समजावता दोघांसमोर कागद ठेवले. एक निपाणीकडचे मामा. वायरमन, तीस वर्षं स्टार्टर उघडतायत. दुसरा शॉपमधला पोरगा. गोकाकचा, आयटीआय झालेला. शाळा कन्नड माध्यमाची, मराठी बाजारात शिकलेली. पॅनेलला सप्लाय दिलेला नव्हता.

मामा तिसऱ्या ओळीवर थांबले. ओळ होती : 'वेळ सेट करा, नंतर सेट करून स्टार्ट करा.'

"ताई, हे 'सेट करा' म्हंजे काय? सेट बटण दाबायचं का येळ लावायची? आन् स्टार्ट करा म्हंजे हिरवं बटण का मोटर?"

मी गप्प. इंग्रजी प्रतीत हे दुखणं नाही, कारण तिथे बटणाचं नाव ठळक कॅपिटलमध्ये आणि क्रियापद साध्या अक्षरात आहे. आपलं कारखान्यातलं मराठी चालतं इंग्रजी शब्दाला 'करणे' जोडून : सेट करा, स्टार्ट करा, रीसेट करा, सेव्ह करा. पॅनेलवर बटणांची नावंही नेमकी तीच. इंग्रजीत जे काम अक्षराचा आकार करतो ते मराठीत करायला काहीच नव्हतं, आणि मी ते न बघता मजकूर उतरवून काढला होता.

पोराने त्याहून मोठा धक्का दिला. होल्डिंगची वायर (हिरवं बटण सोडलं तरी मोटर चालू ठेवणारी) कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे मोटरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचच्या, '१३' आणि '१४' या टर्मिनलना, असं मी देवनागरी आकड्यांत लिहिलं होतं. तो बराच वेळ कॉन्टॅक्टरवर त्र्याण्णव नंबर शोधत होता. सापडेना, म्हणून दुसऱ्या आकड्याकडे वळला आणि वायर सरळ ओव्हरलोड रिलेच्या (मोटर जास्त ओढायला लागली की ट्रिप होऊन ती बंद करणाऱ्या भागाच्या) अठ्ठ्याण्णववर नेऊन धरली. त्याला आपला 'एक' इंग्रजी नवासारखा दिसला आणि 'चार' आठासारखा. गंमत म्हणजे रिलेवर अठ्ठ्याण्णव खरोखरच असतं. पंचाण्णव-शहाण्णव हा बंद कॉन्टॅक्ट ट्रिप झाल्यावर उघडतो, सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव हा उघडा असतो तो ट्रिपवर बंद होऊन दिवा लावतो. कॉन्टॅक्टर असो की रिले, हे आकडे सगळ्या कंपन्यांचे सारखेच. म्हणजे चूक 'असं टर्मिनलच नाही' म्हणून स्वतःहून उघडी पडली नसती.

पोरगा ओशाळला. मी त्याला म्हटलं, "चूक तुझी नाही गा, माझी आहे." तो म्हणाला, "तसं न्हवं मॅडम, पण इथं छापलंय एक आणि पुस्तकात एक, हे कशाला म्हणतो मी."

कशाला, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

८ नोव्हेंबर

ठरलं. यंत्रावर जे कोरलेलं, छापलेलं किंवा डिस्प्लेवर उमटणारं आहे ते पुस्तिकेत त्याच लिपीत आणि त्याच आकड्यांत येणार, एक टिंबही न बदलता. माझी मोजणी, म्हणजे पायऱ्यांचे क्रमांक, पानांचे क्रमांक, 'तीन वेळा दाबा' वगैरे, देवनागरी आकड्यांत किंवा अक्षरांत.

मग लक्षात आलं की ही तडजोड नाही, ही फुकटात मिळालेली खूण आहे. इंग्रजीवाल्यांकडे आकड्यांचा एकच संच, म्हणून त्यांना 'पायरी चार' आणि 'टर्मिनल चार' वेगळे दाखवायला ठळक-तिरकं करावं लागतं. आपल्याकडे दोन संच आहेत. इंग्रजी आकडा दिसला की यंत्राकडे बघायचं, देवनागरी दिसला की माझ्याकडे.

मास्तरांना फोन केला. कन्नड स्तंभातही पायऱ्या कन्नड आकड्यांत घेऊ म्हणाले, तोच नियम. खूश झाले. "बसच्या पाटीशिवाय आमच्या आकड्यांना कोण विचारतंय हो," असंही म्हणाले.

(या वहीत मात्र सगळंच देवनागरी. वही माझी आहे, तिला टर्मिनल नाहीत.)

१० नोव्हेंबर

बटणांच्या नावाभोवती गोल कोपऱ्यांची चौकट, पॅनेलवरच्या बटणासारखी. डिस्प्लेवरचा मजकूर दोन ओळींच्या खिडकीत, सोळा-सोळा घरं आखून. इथे सारख्या रुंदीची इंग्रजी अक्षरं चालतात, कारण मजकूरच इंग्रजी आहे. देवनागरीला त्या सक्तीत कोंबायला मी जाणार नव्हतेच. 'र' आणि 'क्ष्म' एकाच रुंदीच्या घरात बसवले की एक पोरका दिसतो आणि दुसरा गुदमरतो.

चौकटीने नवीन भांडण उभं केलं : विभक्ती. 'सेटवर बोट ठेवा', 'मेनूमधून बाहेर पडा', 'स्टार्टच्या शेजारी'. प्रत्यय चौकटीच्या आत घ्यायचा की बाहेर? आत घेतला तर बटणावर नसलेलं अक्षर बटणावर आलं. बाहेर ठेवला तर एकटा 'वर' कुंपणाबाहेर उभा, शिरोरेघ तुटलेली. दोन्ही करून बघितलं. मामांनी बाहेरच्या 'वर'चा अर्थ 'वरचं बटण' असा घेतला. सरळच होतं, पॅनेलवर खरोखर वर-खाली अशी दोन बटणं आहेत.

तोडगा व्याकरणातला निघाला. बटणाच्या नावाला प्रत्यय लावायचाच नाही. चौकटीनंतर नेहमी 'हे बटण', आणि काय ओढाताण करायची ती 'बटणा'ची : 'बटणावर', 'बटणाच्या शेजारी'. वाक्य थोडं सरकारी वाटतं. वाटू दे.

११ नोव्हेंबर

तिरकी अक्षरं रद्द. देवनागरीत तिरक्या अक्षराची स्वतंत्र घडण परंपरेने आलेली नाही. संगणक उभ्याच अक्षराला एका बाजूने ढकलतो. रोमन इटॅलिकचा घाटच वेगळा, तो हाताच्या लिखाणातून आला. आपलं ढकललेलं अक्षर वाऱ्यात वाकलेल्या उसासारखं दिसतं आणि शिरोरेघ तेवढी आडवीच राहते.

मग 'इथे तुमचा आकडा' कसा दाखवायचा? इंग्रजीत टोकदार कंस वापरतात. मामांना ते कंस 'पेक्षा लहान, पेक्षा मोठं' वाटले, म्हणजे शाळा पक्की आहे. शेवटी रेशनच्या अर्जापासून सातबाऱ्याच्या अर्जापर्यंत सगळ्यांच्या ओळखीची खूण घेतली : टिंबटिंबांची ओळ. ती दिसली की आपण भरायचं, हे सीमेच्या दोन्ही बाजूंना कुणाला शिकवावं लागत नाही.

१४ नोव्हेंबर

इशाऱ्यांचे शब्द. अमेरिकेच्या झेड५३५ मानकांत चार पायऱ्या आहेत. टाळलं नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच, ही पहिली. होऊ शकते, ही दुसरी. किरकोळ किंवा मध्यम इजा होऊ शकते, ही तिसरी. माणसाला नाही पण मालाला नुकसान, ही चौथी. रंग अनुक्रमे लाल, नारिंगी, पिवळा, निळा. आमची छपाई काळ्या शाईची, म्हणून रंग गेले.

शब्दांचं जमेना. पहिल्यासाठी 'धोका', दुसऱ्यासाठी 'इशारा', चौथ्यासाठी 'सूचना' घेतलं. तिसऱ्याला 'सावधान' लिहिलं, तर मामा हसले. "सावधान म्हटलं की एक तर कवायत आठवती, न्हाईतर अंतरपाट." खरंच आहे. ज्या शब्दावर अक्षता पडतात त्याने हात भाजण्याची भीती कशी वाटणार? 'जपून' केलं. कुठल्याच मानकात हा शब्द बसणार नाही, पण आई चुलीपाशी हेच म्हणते.

कन्नड बाजूला मास्तरांनी पहिल्या पायरीला 'अपाय' घेतलं. ट्रान्सफॉर्मरच्या पाट्यांवर हाच शब्द असतो, तेव्हा मराठी माणसालाही तो इथे डोळ्याने पाठ आहे. १९५६ च्या भारतीय वीज नियमांतला ३५ वा नियम सांगायचा की धोक्याची पाटी हिंदी किंवा इंग्रजीत आणि जिल्ह्याच्या स्थानिक भाषेत हवी, वर कवटी आणि हाडं, आयएस २५५१ या भारतीय मानकाप्रमाणे. जिल्ह्याची स्थानिक भाषा कोणती, हे बेळगावात चहाच्या टपरीवर विचारू नये. पाटी बाजूला राहील. कवटीबद्दल मात्र दोन्ही बाजूंची तक्रार नाही.

१५ नोव्हेंबर

कालचं पुरं झालं नव्हतं. शब्दापेक्षा मोठी अडचण वाक्याची निघाली.

'दार उघडं असताना मेन स्विच ऑन करू नका.' मराठी बरोबर. पण स्तंभ अरुंद, आणि ओळ मोडली ती 'ऑन करू' यानंतर. 'नका' खालच्या ओळीत. पान सातवर तर 'नका' पान आठवर गेलं होतं. आपला नकार क्रियापदाच्याही मागे बसतो. घाईतला माणूस वाक्य शेवटपर्यंत वाचत नाही, काय करायचं तेवढं उचलतो. इंग्रजीत नकार तोंडालाच असतो, म्हणून त्यांच्या मानकांना ही काळजी घ्यावी लागली नाही.

दोन गोष्टी केल्या. 'करू' आणि 'नका' यांच्यामध्ये न तुटणारी मोकळी जागा घातली, युनिकोडमधली ००ए० क्रमांकाची. त्यामुळे दोघं एकत्रच खाली उतरतात. आणि प्रत्येक मनाईच्या आधी, ओळीच्या सुरुवातीला, काळ्या पट्टीवर पांढरं 'नाही'. व्याकरणाला ते नकोय, कारण नकार पुढे परत येतोच. पण आमच्या आज्या 'नाही, नाही, हात लावू नको' असंच म्हणायच्या, तेव्हा परंपरेला धरून आहे.

'करावे' हे रूप हद्दपार. इंटरनेटची मानकं लिहिणाऱ्यांनी १९९७ च्या आरएफसी २११९ मध्ये 'केलंच पाहिजे', 'करणं बरं' आणि 'चालेल' यांचे अर्थ वेगवेगळे बांधून दिले. २०१७ मध्ये पुरवणी जोडावी लागली की हे शब्द सगळे कॅपिटलमध्ये असतील तरच तो अर्थ. आपल्याकडे कॅपिटल नाही, आणि विध्यर्थ तर असा की 'तेल घालावे' ही आज्ञा, सल्ला आणि आशीर्वाद, तिन्ही होऊ शकते. म्हणून 'करा', 'केलंच पाहिजे', 'केलं तरी चालेल'. चौथं रूप नाही.

१८ नोव्हेंबर

एककं. 'मि.' म्हणजे मिनिट, मिमी की मिली? 'से.' म्हणजे सेकंद, सेल्सिअस की सेमी? 'ता.' तास की तारीख? मसुद्यात तिन्ही मीच लिहिलेले. सगळे फोडून पूर्ण शब्द केले. जिथे चिन्ह लागतं तिथे आंतरराष्ट्रीय चिन्ह, आकडा आणि चिन्ह यांत एक जागा, मागे पूर्णविराम नाही, कारण ते चिन्ह आहे, संक्षेप नाही. मिलि आणि मेगा यांत इंग्रजीत फक्त लहान-मोठ्या एमचा फरक, आणि तो चुकला तर किंमत अब्जपट. देवनागरीत लिहिताना तो धोका नाही. कुठेतरी आपणही जिंकतो.

२० नोव्हेंबर

मामांनी चाचणीची प्रत गावाकडे नेली होती, आज परत आणली. त्यांनी ती आणखी तिघा वायरमनना झेरॉक्स काढून दिलेली. एक झेरॉक्स माझ्यासमोर ठेवली. झेरॉक्सचीही झेरॉक्स असावी.

ओव्हरलोड रिलेचं सेटिंग. साडेसात एचपीची मोटर पूर्ण भाराला साधारण अकरा अँपिअर ओढते. आमच्या पॅनेलात रिले डेल्टाच्या फांदीत आहे, तिथून लाईनच्या अठ्ठावन्न टक्केच करंट जातो. म्हणून सेटिंग ६.४. झेरॉक्सवर टिंब उडालेलं. ६४.

मामा म्हणाले, "रिलेवर चौसष्ट हायच न्हाई, म्हणून कोण लावणार न्हाई. पण कोण तर म्हणंल पुस्तक चुकलंय, आन् डायल शेवटाला फिरवून मोकळा हुईल." बरोबर. आकडा खोटा वाटला की माणूस पुस्तक मिटतो.

टिंब छपाईत मरतं, हे इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना फार आधीपासून ठाऊक आहे. म्हणूनच रेझिस्टरच्या किमतीत चार पूर्णांक सात किलो ओहम ही 'चार के सात' अशी लिहितात, के हे अक्षर दशांश चिन्हाच्या जागी. आयईसी ६००६२ या मानकात ही पद्धत आहे, आणि त्या मानकाची पहिली आवृत्ती १९५२ ची. अक्षर झेरॉक्समध्ये उडत नाही. बोर्डाच्या सर्व्हिस पानावर तसंच केलं.

पण अँपिअरला ही पद्धत कुणी ओळखणार नाही. तिथे चेक आठवला : अंकी आणि अक्षरी. धोक्याचा प्रत्येक आकडा आता दोनदा, एकदा यंत्राच्या आकड्यात आणि शेजारी 'सहा पूर्णांक चार' असं अक्षरांत.

त्याच झेरॉक्सवर बघितलं तर अनुस्वारही दशांश चिन्हाच्याच वाटेने गेले होते. 'पप बद करा.' पंपाचा पप झाला तरी माणूस समजून घेतो, पण टिंबावर जगणारी लिपी आहे आपली, हे विसरून मी बारीक फाँट घेतला होता. मुक्ता फाँटला सात वजनं आहेत. दोन पायऱ्या जाड केला. काळ्या पट्टीवरच्या पांढऱ्या अक्षरांना आणखी एक, कारण शाई आत सरकते आणि टिंब आधी बुजतं.

२४ नोव्हेंबर

आजचा दिवस पोराचा.

सर्व्हिस पानावर बोर्डाचा नकाशा आहे. त्यातले काही सिग्नल उलटे : पाच व्होल्ट असताना ते झोपलेले, शून्यावर आले की जागे. असं का करतात? तार तुटली किंवा चिप सुरू होत असली तर सिग्नल वर खेचणाऱ्या रेझिस्टरमुळे तो आपोआप झोपलेला राहावा, आणि एका तारेवर अनेकांना तो खाली ओढता यावा, म्हणून. इंग्रजी नकाशात अशा नावाच्या डोक्यावर आडवी रेघ मारतात. मी मराठी पानावर नावं देवनागरीत घेतली होती, 'रीसेट', 'ट्रिप', 'फेज', आणि प्रामाणिकपणे वर रेघ मारली होती.

पोराने पान हातात घेतलं, उलटं-सुलटं केलं.

"मॅडम, मराठीत सगळ्याच अक्षरांवर बार हाय की. मग सगळेच सिग्नल उलटे काय?"

मी हसले, मग पान बघितलं आणि हसू गेलं. शिरोरेघ आणि तिच्यावर आणखी एक रेघ. दोन्हींमध्ये इकार, रफार आणि मात्रा अडकलेल्या. काही ठिकाणी रेघ शिरोरेघेला चिकटून नुसती जाड झालेली. तीस वर्षं मराठी वाचणाऱ्या मला ती जाड रेघ दिसत होती, कारण मीच ती मारली होती. त्याला दिसत नव्हती. त्याच्या कन्नडमध्ये प्रत्येक अक्षराला आपापला तुरा असतो, सलग रेघ नसते. त्यामुळे आपली शिरोरेघ त्याला अजून दिसते, आपल्याला ती दिसेनाशी झालीय.

मास्तरांच्या कन्नड पानावर मात्र ही रेघ छान बसली होती. म्हणजे एकाच पुस्तिकेत डाव्या बाजूला खूण चालते, उजव्या बाजूला नाही. एकाच खुणेचे दोन नियम मला नको होते. कॉम्प्युटरच्या पीसीआय बसच्या (कार्डं जोडायच्या तारांच्या) मानकात उलट्या सिग्नलच्या नावामागे हॅशची खूण असते, काही जण पुढे तिरकी रेघ देतात, काही 'एन' हे अक्षर. हॅश घेतली. ती मोबाईलमुळे सगळ्यांना माहीत आहे, झेरॉक्समध्ये टिकते, आणि डोक्यावर बसत नाही. शिवाय सिग्नलची नावं परत इंग्रजीत नेली, कारण बोर्डावर तीच छापलेली आहेत. आठ तारखेचा माझाच नियम मी चोवीसला मोडला होता.

नियम दिसायला लावला तो पोराने, म्हणून खुणांच्या पानाचा पहिला प्रूफ त्याच्याच हातात देणार.

२८ नोव्हेंबर

मांडणी. मराठीच्या मात्रा वर चढतात, कन्नडचे ओत्तू (जोडाक्षरातलं दुसरं अक्षर) खाली उतरतात. शेजारी-शेजारी ठेवले की एकाच ओळीच्या अंतरात एकाचं डोकं आपटतं, दुसऱ्याचे पाय. अंतर दोन्हींसाठी वाढवलं. पानं सोळाची वीस झाली. मालक कागदाच्या भावावर बोलले. कुंदा मागवून विषय बदलला.

२ डिसेंबर

प्रेस. प्रेसवाल्यांकडे जुना, युनिकोडच्या आधीचा फाँट. माझी फाईल त्यात ओतली तेव्हा 'दुसऱ्या' पायरीची 'दुसर्या' झाली आणि 'सुऱ्या'चा 'सूर्या'शी संबंध जुळायची वेळ आली. रफार आणि अर्धचंद्री र यांतला फरक मराठीला लागतो, हिंदीला नाही, म्हणून तो पहिला बळी. 'ल' हिंदी वळणाचा आला. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात मराठीचा पाकळीवाला 'ल' आणि गाठीचा 'श' ठरवून दिला, पण सीमेच्या या बाजूला तो निर्णय प्रेसला लागू नाही, हे प्रेसवाल्यांनी मला हसत सांगितलं. मी पीडीएफ दिली, अक्षरं आत गोठवून. आता त्यांना काही ओतायचं नाही, फक्त छापायचं.

१० डिसेंबर

विधिमंडळाच्या अधिवेशनामुळे सुवर्ण विधानसौधकडचा रस्ता बंदोबस्तात, छापलेले गठ्ठे दोन तास टेम्पोत अडकले. बाकी ठीक.

१९ डिसेंबर, निपाणीजवळ

पहिलं पॅनेल बसलं. मी मामांबरोबर गेले होते. विहिरीवर, शेडमध्ये.

मामांनी खुणांचं पान पुस्तिकेतून कापून पॅनेलच्या दाराला आतून चिकटवलंय. पुस्तिका वीस पानी, पण रोज लागणारं हेच एक, असं त्यांचं म्हणणं. मी त्या पानाला इतके दिवस तक्ता समजत होते, ते पाटी झालं.

पुस्तिका शेतकऱ्याकडे होती. चाळली. जिथे मी 'इथे तुमचा आकडा' एवढंच सुचवायला टिंबटिंबांची ओळ दिली होती, तिथे त्यांनी निळ्या बॉलपेनने खरोखर आकडे भरले होते : मोटर सुरू व्हायची वेळ, ड्राय रनची (पाण्याविना चालण्याची) वेळ, रिलेचं सेटिंग, अंकी आणि अक्षरी. खाली तारीख. एका ठिकाणी खाडाखोड करून नवा आकडा, आणि शेजारी 'मार्चपर्यंत'. विहिरीचं पाणी कमी होतं तोवर.

तीन ठिकाणी जागा पुरली नव्हती, आकडे ओळीबाहेर गेले होते.

दुसऱ्या छपाईसाठी : टिंबांची ओळ दुप्पट लांब, वर मोकळी जागा जास्त. जुना आकडा खोडून नवा लिहायला त्याच ओळीखाली आणखी एक ओळ. कागद चकचकीत नको, त्यावर बॉलपेन घसरतं. मालकांशी कागदाच्या भावावर परत बोलणं.